उतरलेला हात

घरात कुणाची दृष्ट काढली, की मला वाया गेलेल्या मिरच्यांचं वाईट वाटतं. एवढ्यावरून माझा स्वभाव कळावा. लोणारला शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, भूतबित काही पाहिलं नाही. हेही भूत नाही... मग काय, ते तुम्हीच ठरवा.

जुन्या काव्यातली विरहिणी मला कधीची ब्राँझमध्ये करायची होती – दारात उभी, कपाळावर आडवा हात धरून वाट बघणारी. त्यासाठी मी समोर उभी केली जवळच्या बीबी गावात राहणारी माझी मोठी बहीण, शांताताई. तिला काही वेगळं सोंग आणावं लागलं नाही. तिचा मुलगा सात वर्षांपूर्वी कामाला म्हणून सुरतेला गेला, तेव्हापासून पत्ता नाही. ताई रोज त्याच्या नावाची एक भाकरी जास्तीची थापायची. त्यावरून मी तिच्याशी भांडायचेसुद्धा.

मेणाची मूर्ती झाली. हात वर, म्हणून बांगड्या कोपराकडे घसरलेल्या – हा बारकावा जमला तेव्हा मी स्वतःवरच खूश होते. चिखलीचे रफीकभाई ओतकाम करतात. मेणावर मातीचा लेप देतात, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. मेण जसं, तसाच धातू. लेप माझ्यासमोर दिला. हात वरच होता, फोटो आहे माझ्याकडे.

मंगळवारी सकाळी अकराला ओतलं. बुधवारी साचा फोडला... तर हात खाली. मांडीलगत, सरळ.

रफीकभाई घामाघूम. "मॅडम, खुदा कसम, मी काहीच नाही केलं. मलेच समजून नाही राह्यलं."

उन्हानं मेण लवलं असेल, असं मीही म्हटलं. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. बांगड्या मनगटावर उतरल्या होत्या. मेणाच्या बांगड्या हाताला चिकटवलेल्या असतात हो, त्या घसरत नाहीत.

तशीच जीप धरून बीबी गाठली. ताई अंगणात तूर निवडत होती. टोपल्यात भाकऱ्या दोनच, तिची आणि भाऊजींची.

"ताई, त्याची भाकर?"

"नाही केली. कालपासूनच नाही. थापता थापता वाटलं, बस झालं आता."

"किती वाजता?"

"मी काय घड्याळ पाहून राह्यली होती? अकराची एसटी येऊन गेली, तवा."

"पण काऊन वाटलं असं?"

"मले नाही माहीत," ती म्हणाली आणि सूप पुढे ओढलं. ती रडली नाही. मीच रडले.

मुलगा आला नाही, बातमीही नाही. तो सुखरूप आहे म्हणून तिचा जीव निवला, की तो उरलाच नाही म्हणून... हे तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.

मूर्ती माझ्याकडेच आहे. कारण आजही सापडलेलं नाही. पण हल्ली बीबीला गेले, की एसटीचा आवाज आल्याबरोबर मीच दारात जाऊन उभी राहते. परवा ताई मागून म्हणाली, "हात खाली घे वं. त्या उन्हात काही दिसत नाही."