हुकावरचं वजन

उसाची ट्रॉली पुढून चालली की माझी नजर आजही आधी तिच्या हुकावर जाते, आणि नेवाशाकडचे ते बापलेक आठवतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी एखादी आठवण विचारली तर हा साधा अपघातच तोंडी येतो. बायको म्हणते, तुमचं सगळंच उलटं.

मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. गळीत हंगाम ऐन भरात होता. दुपारी ठाणे अंमलदारानं फोन घेतला: नदीच्या उतारावर ट्रॅक्टर आडवा फिरून ट्रॉली उलटली, दूध घालायला निघालेल्या मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. जीव वाचला हे नशीब. ट्रॅक्टरचालक पळाला नव्हता. त्यानंच जखमीला उसाखालून ओढून काढलं होतं.

तासाभरात आमच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, ड्रायव्हर फुल टाइट हुता. समदा नाका बोलतोय."

चालकाला समोर बसवला. पंचविशीचा, अंगानं सडपातळ, उसाच्या पात्यांनी हात चिरलेले.

"दारू प्यायला होतास?"

"व्हय साहेब."

अहो, पहिल्याच प्रश्नाला हो म्हणणारा दारुडा मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता! भिंतीला धरून उभं राहत 'मी? छे छे!' म्हणणारे मात्र ढिगानं पाहिले होते. त्याला तपासणीला घेऊन गेलेला शिपाई म्हणाला, डॉक्टरांना वास आला नाही, रक्त पाठवलंय, अहवालाला वेळ लागेल.

"कुठं प्यायलास?"

"ढाब्यावर."

"कुठल्या?"

तो छताकडे बघायला लागला. मी विषय बदलला. "ट्रॉली कुणी भरली होती?"

एकदम ताठ झाला गडी. "त्येचं काय साहेब? म्या प्यालो हुतो. लिवा तसं, सही करतो."

"काय लिहायचं ते तू शिकवणार का मला?" मी खेकसलो. लायसन्स जाईल, शिक्षा लागेल, पुन्हा कुणी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही, सगळं सुनावलं. तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, "जाऊ द्या साहेब."

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या निमित्तानं ऊस भरला त्या शेतात गेलो. उतारामुळे तो एकेक ट्रॉली नेत असे, म्हणून दुसरी भरलेली ट्रॉली तिथंच उभी होती. दोन चाकांची, पुढची दांडी टेकूवर. आमचे हवालदार शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी ट्रॉलीभोवती फेरी मारली, दांडीखाली हात घातला आणि ती एका हातानं उचलली.

"साहेब, ही दांडी चार गड्यांना हलायला नको," ते म्हणाले. "सगळा माल मागं भरलाय. ट्रॅक्टरच्या हुकावर वजनच नाही."

मला शेतीतलं फारसं कळत नाही. त्यांनी समजावलं तसं सांगतो. ट्रॉलीचा थोडा भार हुकावर यायलाच हवा, तो ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीला दाबून धरतो. फार झाला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. कमी झाला तर मागची चाकं हलकी पडतात, आणि उतारावर ब्रेक मारला की ट्रॉली ट्रॅक्टरलाच ढकलून आडवा करते. पिणाऱ्याचा काय, न पिणाऱ्याचाही इलाज चालत नाही.

ठाण्यात परतलो तर चालकाचा बाप व्हरांड्यात बसलेला, मांडीवर भाकरीचं फडकं. जन्मभर बैलगाडीनं कारखान्याला ऊस घातलेला माणूस. मागच्या वर्षी बैल विकले, पोरगा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर लागला, म्हातारा ट्रॉली भरू लागला.

मी शेजारी बसलो. "आबा, ट्रॉली तुम्ही भरलीत?"

"व्हय की!" म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "आपल्यावानी भरनारा पंचक्रोशीत न्हाई. बैलाच्या मानंवर कधी वझं येऊ दिलं न्हाई म्या. भार मागं सारायचा, जू कसं फुलावानी ऱ्हातं."

"पण आबा, ट्रॅक्टरला मान कुठं असते?"

ते हसले. मग हसू थांबलं. माझ्याकडे बघितलं, आत बसलेल्या पोराकडे बघितलं. त्यांना कळलं ते मला दिसलं, आणि खरं सांगतो, विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

पोरगा आतून धावत आला. "आबा, तुमचं काय न्हाई, म्या प्यालो हुतो!"

"गप! तुला वास तरी सहन हुतो का रं?" म्हातारा ओरडला आणि तिथंच रडू लागला. "बोलला का न्हाईस मला?"

"बैल गेल्यापासनं तुमी जेवतबी नव्हता," पोरगा म्हणाला. "ट्रॉली भरायला लागला तवा कुठं जरा हसाय लागला. कसं सांगू, चुकतंय म्हनून? वाटलं, हळू नेईन."

हवालदारांनी उगाच स्टेशन डायरी उघडली.

पोरावरचा गुन्हा टळला नाही. चुकीचा भरलेला माल जाणूनबुजून रस्त्यावर आणणं हा निष्काळजीपणाच, आणि मोडलेला पाय खरा होता. पण दारूचं कलम लागलं नाही. पुढं रक्ताचा अहवालही निरंक आला. कोर्टानं दंड करून सोडलं, लायसन्स वाचलं. बापलेक जखमीच्या घरी आळीपाळीनं धारा काढायला जात होते, हे मला नंतर कळलं.

आरोपी खोटं बोलतो ते स्वतःला वाचवायला, असं धरून मी नोकरी केली होती. त्या पोरानं मला खोटं पाडलं. तेव्हापासून कबुली पटकन मिळाली की मी खूश होत नाही. हा कुणाला झाकतोय, ते आधी बघतो.

त्या दिवशी म्हाताऱ्याचा जबाब पुरा झाला. आबांनी अंगठा पुढं केला आणि ते मध्येच थांबले. "साहेब, एक ऱ्हायलं. माझा पोरगा पीत न्हाई, असं लिवा. नाक्यावर बोलत्यात समदी."

लेखनिक माझ्याकडे बघू लागला. मी पेन घेतलं, ते वाक्य माझ्या हातानं लिहिलं आणि त्यांना दोनदा वाचून दाखवलं. मग त्यांनी अंगठा उठवला.