वडिलांचं नाव

हर्नडनजवळच्या त्या नऊ बेडरूमच्या बंगल्याची केस मी अजून विसरलेले नाही, आणि आठवली की आधी माझंच मला हसू येतं. काउंटी पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत मी डिटेक्टिव्ह होते. आरशासमोर उभं राहून कठोर चेहऱ्याची प्रॅक्टिस करायचे.

खबर दिली मराठी मंडळातल्या एका मुलीने. "मावशी, आमच्या घरासमोर एकटी रशियन बाई राहते. एवढा बंगला, आणि ग्रोसरी घेऊन बसने येते. काहीतरी गडबड आहे यार."

बंगला त्या बाईच्याच नावावर होता. पैसा सायप्रसच्या कंपनीतून आलेला. रशियात तर ती शाळेत शिकवायची. खरा मालक एक रशियन धनाढ्य असावा, असा आमचा संशय होता. त्याच्यावर अमेरिकन सरकारचे आर्थिक निर्बंध होते, म्हणजे घर त्याचं ठरलं तर जप्त. पण दोघांची आडनावं वेगळी, दुवा सापडेना. आणि घर आपलंच असं खोटं लिहून दिल्याबद्दल तुरुंगात जाणार होती ती, तो नव्हे.

चौकशीला तिचा वकील हजर होता. मी टेबलावर हात आपटला. वर्गातल्या द्वाड मुलीकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तेच सांगितलं, घर माझं आहे.

दमून मी तिच्या पासपोर्टवरचं पूर्ण नाव वाचत बसले. मधलं नाव इथे कुणी वाचत नाही. मी तर नागरिकत्व घेताना स्मार्ट दिसायला माझं गाळूनच टाकलं होतं. सहज विचारलं, "हे वडिलांचं ना? आमच्यातही असंच असतं."

तिचा आवाज बदलला. शाळेतली मुलं तिला नाव आणि वडिलांचं नाव जोडूनच हाक मारायची म्हणे. इथे आल्यापासून कुणीच नाही.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्या धनाढ्याचं मधलं नाव त्याच बापाचं होतं, फक्त रशियन पद्धतीने त्याचा शेवट पुल्लिंगी, तिचा स्त्रीलिंगी.

"भाऊ ना तुमचा? तुमचं आडनाव लग्नानंतरचं?"

वकिलाने तिला थांबवायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. "एक वर्ष राहा म्हणाला, मग घरी पाठवतो. सहा झाली."

तिने सगळा जबाब दिला. बंगला जप्त झाला, साक्षीमुळे तिची सुटका झाली. पण अशा भावाविरुद्ध बोलल्यावर गावी परतता येणार नाही, हे सही करतानाच तिला ठाऊक होतं.

हे लोक बंगले, बोटी दुसऱ्याच्या नावावर ठेवतात. ते दुसरं माणूसही त्यात अडकून पडतं. हे मला त्या केसने शिकवलं.

ती आता शॉमबर्गला एका छोट्या फ्लॅटमध्ये राहते. मी अधूनमधून फोन करते आणि वडिलांच्या नावासकट हाक मारते. माझे उच्चार ऐकून माझी नात हसून लोळते.  पलीकडून ती म्हणते, "पुन्हा म्हणा."