स्वयंपाकघराखालची नदी

पुलाच्या तिसऱ्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी वाचायची आणि पाण्याचा आकडा वहीत लिहायचा, एवढीच त्यांची नोकरी. दिवसातून तीनदा, गेली एकतीस वर्षं. म्हणून अख्खं गाव त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणायचं, तेही तोंडावर. त्यांनी कधी राग धरला नाही. कुणी “काय, कसं काय?” विचारलं, की “सकाळपेक्षा दोन इंच खाली,” असं सांगून चालू लागायचे. ते नदीबद्दल होतं की तब्येतीबद्दल, हे विचारणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं.

घरात नदीला सवतीचा मान होता. “भेटून आलात का तिला?” चहा गाळता गाळता बायको विचारायची. पण दोघांचं खरं भांडण होतं ते स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवरून. तिला बारा महिने ओल. बायको म्हणायची, पाणी खालून येतंय.

“खालून कुठून येणार? नदी इथून चारशे पावलं लांब. मला शिकवतेस?” फूटपट्टी म्हणायचे. “तूच मोरीत बदाबदा पाणी ओततेस.”

पुढे नगरपालिकेच्या मनात आलं, की आपल्या जुन्या खोऱ्याचा एक झकास नकाशा असावा. शहरातून एक तरुण नकाशाकार बाई आल्या. दोन महिने त्यांनी गल्लीबोळ पालथे घातले आणि शाळेच्या सभागृहात नकाशा टांगला. बेचाळीस जुन्या वास्तू, बेचाळीस लाल ठिपके. नदी कडेला, निळ्या दोऱ्याएवढी. टाळ्या पडल्या. तेवढ्यात शेवटच्या रांगेत फूटपट्टी उभे राहिले. चारचौघांत तोंड उघडायची त्यांची ही पहिलीच वेळ.

“बाई, नकाशा देखणा आहे. पण ही वरात नवरदेवाला घरीच विसरून निघाली आहे.”

सभागृह खो खो हसलं. बाईंचे कान लाल झाले. “म्हणजे काय?”

“उद्या सकाळी सातला पुलावर या. चिखलात चालतील अशा चपला घाला.”

बाई पावणेसातलाच हजर. फूटपट्टींनी त्यांना काठाकाठाने फिरवलं. वळणावर पाणी दमतं आणि मऊ गाळ टाकून जातं, म्हणून कुंभार तिथे वसले. रंगाऱ्यांची गल्ली गावाच्या खालच्या अंगाला. “ती वरच्या अंगाला असती, तर गावाने निळा चहा प्यायला असता,” ते म्हणाले. काठच्या घरांना सात पायऱ्या, मधल्यांना चार, वरच्यांना एक. ज्याला पुराची जेवढी धास्ती, त्याचा उंबरठा तेवढा उंच. बाई भराभर लिहून घेत होत्या आणि फूटपट्टींची छाती इंचाइंचाने फुगत होती.

बाजारगल्लीत आल्यावर बाईंनी विचारलं, “ही गल्ली सापासारखी वाकडी का?”

फूटपट्टी अडखळले. “बांधणाऱ्याकडे दोरी नसेल.”

नळासाठी तिथे चर खणला होता. बाई चक्क त्यात उतरल्या आणि मूठभर दगड घेऊन वर आल्या. गोल, गुळगुळीत, अंड्यासारखे. “काका, हे गोटे पाण्याने घासलेत. नदी कधीकाळी इथून वाहायची. ती सरकली आणि तिच्या रिकाम्या पात्रात गल्ली बसली.”

मग बाई गल्लीच्या त्या वाकड्या वळणाचा माग काढत निघाल्या आणि फूटपट्टी बाईंमागे. बाजार संपला, शाळेची मागची भिंत गेली, आणि ते वळण सरळ एका ओळखीच्या दारात येऊन थांबलं. दारात बायको उभी. नदी पूर्वी इथूनच वाहायची, असं बाईंनी सांगताच तिने दार सताड उघडलं.

“आत या, बाई. भिंत दाखवते.”

“उगाच काहीतरी!” फूटपट्टी म्हणाले. पण पहार बायकोनेच आणून दिली. भिंतीलगतची एक फरशी निघाली, हातभर माती निघाली, आणि खाली तेच गोटे, ओलेचिंब. बायकोने त्यातला एक धुतला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला.

“एकतीस वर्षं उन्हातान्हात तिला भेटायला जात होता. ती माझ्या ओट्याखाली नांदत होती!”

फूटपट्टी बराच वेळ तो गोटा तळहातावर फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, “मोरीचं मी उगाच बोललो.”

“किती फुटांनी चुकलात, तेही वहीत लिहा,” बायको म्हणाली. आधी बाई हसल्या, मग फूटपट्टीही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्या आठवड्यात गवंडी आला आणि भिंतीच्या पायाशी पाणी वाहून जायला वाट काढून गेला. बाईंनी नकाशा पहिल्यापासून काढला. आता नदी मधोमध होती, तिचं जुनं पात्र फिकट निळं, आणि गल्ल्या, पायऱ्या, घाट असे तिच्या अंगाखांद्यावर. कुंभारांच्या वळणावर भराव घालून गाड्या उभ्या करायचा नगरपालिकेचा बेत होता; तिथला गाळ नदीच आणून टाकते, हे नकाशात बघून तिने तो गुपचूप गुंडाळला.

नकाशा पुन्हा टांगला, तेव्हा कुंभारवाड्यातली म्हातारी सर्वांत पुढे. नाक कागदाला लावून तिने आपलं वळण शोधलं.

“आमची भट्टी कुठाय?”

बाईंनी पेन्सिल काढली आणि बोटभर भट्टी काढून दिली.

“पेटलेली काढ गं,” म्हातारी म्हणाली. “विझली म्हणतील लोक.”

बाईंनी वर थोडा धूर काढला.