बुडबुड्यांचा काळ

सुभेदार म्हटल्यावर तुम्ही सावरून बसला असाल. आता तोफा धडधडणार, मामा छातीवर गोळी झेलणार! बसा निवांत. आमच्या सुभेदार मामांना मी जयपुरात लढताना पाहिलं ते कॅरम बोर्डावर ओणवं होऊन, आणि शत्रू मोहरीएवढा. व्हार्निशमधला बुडबुडा.

साल असेल शहाऐंशी. नोकरी शोधायला मी कराडहून मामा-मामींच्या क्वार्टरमध्ये येऊन पडलो होतो. नोकरी सापडेना, पण मामांचा आवाज तेवढा हुबेहूब उचलला. दर रविवारी मामांच्या बोर्डावर विमा ऑफिसातल्या गोखल्यांशी सामना व्हायचा. एकदा हरल्यावर गोखले म्हणाले, "सुभेदारसाहेब, हा बोर्ड आहे की आमेरचा डोंगर? सोंगटी ठेचकाळते हो!"

झालं. मामा गरजले, "म्होरल्या रविवारी या. हरायला सबब उरली तर मिशी उतरवीन!"

बोर्ड पॉलिश पेपरनं घासून झाला. मी उत्साहात व्हार्निशचा डबा खळखळ हलवायला घेतला.

"ए! ताक घुसळतूस व्हय? हवा शिरली की बुडबुडं आलंच. काडीनं ढवळ, निजल्यालं पोर थोपटावं तसं!"

ब्रश डब्याच्या काठावर निथळला तरी ओरडायचे, "काठाला पुसू नगं, फेस धरतो." ब्रश टोकापुरताच बुडवायचा, लाकडाच्या रेषेनं सावकाश ओढायचा. घाई केली की, "परेड न्हाई चालल्याली!" ऊन तापलं की लाकडातनं हवा वर येते, म्हणून सगळा कारभार सकाळीच. एखादा बुडबुडा दिसलाच, तर मामा श्वास रोखून ब्रशच्या टोकानं त्याला अलगद टिपायचे आणि पुटपुटायचे, "ग्येला बेटा."

शेजारचे शर्माजी खिडकीतून विचारायचे, "सूबेदार साब, लड़ाई कैसी चल रही है?" बोललं तर थुंकी उडेल म्हणून मामा गप्प. मग मीच मामांच्या आवाजात, "दुश्मन पीछे हट रहा है, शर्माजी!" शर्माजी खूश, आणि मामांची चप्पल माझ्या दिशेला.

रविवारी सकाळी शेवटचा हात दिला. दुपारी मामांनी वाकून, डोळा बारीक करून पाहिलं. एक बुडबुडा नाही! बोर्ड आरशागत. वाळलाय असंच वाटत होतं. आणि त्याच तंद्रीत, इतक्या वर्षांच्या सवयीनं, मामांनी पावडरचा डबा उचलला, बोर्डभर पावडर शिंपडली आणि खेळाआधी आपण सगळेच फिरवतो तसा तळहात फिरवला.

फिरेना. चिकटला. खेचून काढला तेव्हा बोर्डाच्या मधोमध पाच बोटांचा पांढराशुभ्र पंजा.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. आख्खी पलटण ज्यांना घाबरायची, ते मामा हात पाठीमागे लपवून उभे.

"आवं, धूर बसंल म्हून चार दिस मला घरात फोडणी घालू दिली न्हाईत! अळणी गिळलं समद्यांनी! आन् आता सवताच पीठ मळलंत व्हय त्यात? आता गोखले आलं की आपल्या तोंडानं सांगा, 'खेळायच्या आदीच हारलो.' आन् मोठ्यानं सांगा, मला सैपाकघरात ऐकू आलं पायजे!"