कोरे सोडलेले गोळे

दुकानात काळ्या बॉलपेनांचा गठ्ठा दिसला की माझं डोकं अजून तापतं. नात आठवीत होती, तेव्हा गणिताच्या स्पर्धेला बसलेली. पहिल्या फेरीत निवड झाली की पुढची शिकवणी फुकट, आणि पोरीचा सगळा जीव त्यात अडकलेला. सेंटर ठाकुर्लीच्या एका शाळेत होतं. फाटकाबाहेर उन्हात उभे असताना ती म्हणाली, "आजोबा, चारातली दोन उत्तरं चूक आहेत एवढं कळलं ना, की उरलेल्या दोनातलं एक ठोकून द्यायचं. सरांनीच सांगितलंय. चुकलं तर एक मार्क जातो, बरोबर आलं तर चार मिळतात." मी म्हटलं, "म्हणजे आकडाच लावायचा! तुझ्या पणजोबांनी मटक्यात राहतं घर घालवलं. आपल्यात आकडा लावत नाहीत." "अहो, मटका नाही, हिशोब आहे तो!" मी ऐकतोय कसला! तिचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला आणि आकडा न लावण्याची शपथ घ्यायला लावली. तिने ती पाळली. उत्तरपत्रिकेत काळ्या बॉलपेनाने रंगवायचे कितीतरी गोळे कोरे सोडून आली आणि थोडक्या मार्कांनी राहिली. तिची मैत्रीण तुक्के मारून पुढे गेली. सून म्हणाली, "बाबा, परीक्षा तिची होती, तुमची नव्हती." मी चौथी शिकलेला माणूस, पण येत नाही ते येत नाही म्हणावं, हे आजही ठासून सांगतो. नात आता कॉलेजात आहे. परीक्षेला निघताना नमस्कार करते, पण दारातूनच. जवळ ये म्हटलं तर म्हणते, "उशीर होतोय, आजोबा," आणि हात काही माझ्या हाताला लागू देत नाही.