आधी त्याची बाजू

बदलापूरहून निघालो तेव्हा गुरुजी अंथरुणातूनच ओरडले, "छत्री घे! आणि तो भेटला तर निरोपबिरोप सांगू नकोस. जिवंत आहे का, तेवढं बघून ये." न्यायदर्शन, म्हणजे तर्काचं आणि ज्ञानाचं जुनं शास्त्र, मी त्यांच्याकडे शिकलो. हट्ट मात्र त्यांनी सगळा स्वतःकडेच ठेवला होता.

'तो' म्हणजे दयाराम, सिंधचा, काशीतला त्यांचा सहाध्यायी. दोघांनी मिळून उतरायच्या वादसभेच्या आदल्या दिवशी गुरुजी न सांगता घरी निघून आले. दयारामांनी पत्रातून 'पळपुटा' म्हटलं, आणि मग चाळीस वर्षं अबोला! फाळणीत सिंध पलीकडे गेला तशी गुरुजींची झोपच उडाली. तिकडचे निर्वासित उल्हासनगरच्या छावणीत आलेत असं कळलं, म्हणून त्यांनी मला पाठवलं.

"पण ओळखू कसं?" मी विचारलं.

"भांडणं शोध. आधी दुसऱ्याची बाजू मांडायला लावील तो दयाराम." आमच्या शास्त्राची रीतच ती. पूर्वपक्ष (समोरच्याचं म्हणणं) आधी सांगायचा, तोही त्याच्यापेक्षा नीट.

वाटेत अंबरनाथला उतरून शिवमंदिर पाहिलं. काळ्या दगडातलं ते कोरीवकाम बघता बघता पोटात कावळे ओरडायला लागले. लांबवर धूर दिसला. धूर तिथे अग्नी, अग्नी तिथे चहा, असं अनुमान करून मैलभर तंगडतोड केली. जवळ जातो तर रस्त्याच्या कामाची धूळ! एवढं शिकून काय उपयोग, सांगा.

उल्हासनगरात लष्करी बराकींच्या रांगा, त्यांत सिंधमधून आलेली कुटुंबं, दारोदार खाटांवर पापड वाळत घातलेले. दुपारपर्यंत तीन भांडणं ऐकली, तिन्ही फुकट गेली. चौथं पेटलं व्हरांड्यात आडव्या टाकलेल्या खाटेवरून. एक किडकिडीत म्हातारा मध्ये पडला. "साईं, पहले तू इसकी बात बोल। अपनी बाद में।"

मी पुढे होऊन त्यांना वाकून नमस्कार केला.

त्यांनी घरात नेऊन कोकी (कांदा घातलेली जाड, खरपूस पोळी) वाढली. गुरुजींचं नाव ऐकताच त्यांचा हात थांबला. "तुमची बाजू सांगा," मी म्हटलं.

"पहले उसकी," ते म्हणाले. "घर से चिट्ठी आई, उसने खाना छोड़ दिया। माँ बीमार होगी। मुझे बताने रुकता, तो पाँव न उठते।"

संध्याकाळी परतून गुरुजींना शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. इतकी वर्षं पाठ केलेलं शास्त्र मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं.

"हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं रे," गुरुजी म्हणाले. मग धडपडत उठून बसले. "त्या सभेत तो एकटा उभा राहिला असेल. दाराकडे बघत. माझी काठी दे."

"आत्ता? उद्या जाऊ ना."

"त्याची बाजू मांडायचीय. अजून किती उशीर करू?"