पिकअपची सर्दी

गाडीला सर्दी होते. मला ठाऊक आहे, कारण आमच्या पिकअपला ती मीच केली.

पिकअप माझ्या नवऱ्याची. लग्नाकार्याला भांडी भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. हंडे, तपेली, पराती मागे टाकून ती गाडी पेट्रोल ढोसत तंजावूरभर फिरायची. मग ते गेले. त्याच सुमारास गावात लग्नं लावायचे मोठमोठे कल्याणमंडप उभे राहिले, त्यांची भांडी त्यांच्यापाशीच. आमचे हंडे मागच्या खोलीत उपडे पडले. उरली गाडी, आणि उरला तिचा ड्रायव्हर मुत्तू. बाजारातून भाजी आणायची आणि शनिवारी घाण्यावरून तेल, एवढंच दोघांना काम.

पण मुत्तू रोज सकाळी यायचा. दारापुढच्या ओट्यावर बसून कापी, म्हणजे आमच्याकडची कॉफी, प्यायचा, तमिळ पेपर मोठ्यांदा वाचायचा, आणि मी प्रत्येक बातमीला नावं ठेवायची. शेजारच्या बायका पूर्वी त्याच ओट्यावर येऊन बसत. घरोघर केबल आली तशा त्या आत गेल्या, त्या गेल्याच. दिवसभरात माझ्याशी बोलणारा माणूस एकच, मुत्तू. (आणि तोही पगारी!)

मुलगा शीनू नोकरीला बंगळूरला. त्याचं फोनवर एकच पालुपद.

"आई, ती गाडी विकून टाक."

"का? तुझ्या दारात येऊन खायला मागते?"

"पेट्रोल पिते आणि चालत नाही."

"चालते!"

"बरं. विमलच्या वास्तुशांतीला मी येतोय ना? ओरत्तनाडूपर्यंत न थांबता गेली तर ठेव. वाटेत एकदा जरी थांबली, तर विकायची. मुत्तूलाही तसं सांगून ठेव."

विमल माझी भाची. ओरत्तनाडूला नवं घर बांधलं होतं, आणि जेवणासाठी तिने आमचेच हंडे मागितले होते. किती दिवसांनी कुणीतरी मागितले! मी हंडे चिंचेने घासून काढले आणि मुत्तूला सांगितलं, "गाडी थांबली तर गाडीही गेली आणि तूही गेलास."

मुत्तू घाबरला. गाडी तशी खोकत होतीच. त्याने इंजिनातला एक प्लग काढून दाखवला. पेट्रोल पेटवायला आत ठिणगी पाडतो, तो हा. आमच्या गाडीत असे चार. चारही झिजले होते.

"मी आणते," मी म्हटलं. मुत्तू दुकानदार देईल ते घेऊन येणारा. मी वांगंसुद्धा दाबून बघितल्याशिवाय घेत नाही.

त्याने जुना प्लग फडक्यात बांधून दिला. "अम्मा, हाच नंबर आणा. दुसरं काही नको."

दुकानात गेले तर तो नंबर येणं बंद झालेलं. बाहेरच्या कंपन्यांचा माल नुकता सुरू झाला होता. दुकानदाराने मिठाईच्या पुड्यासारखी रंगीत खोकी पुढ्यात मांडली.

"यात दोन जाती आहेत, अम्मा. हा गरम प्लग, हा थंड प्लग. कुठला देऊ?"

मला इतका आनंद झाला! मी चार इयत्ता शिकलेली बाई, यंत्रातलं मला काय कळणार, या धास्तीने गेले होते. पण गरम आणि थंड? आमच्या गावात मूल रांगायच्या आधी ते शिकतं. आंबा, पपई गरम. ताक, काकडी थंड. डोळे चुरचुरले, गरम झालं. डोक्यावर तेल घातलं, थंड झालं. बस्स, एवढंच यंत्र होय!

"गाडी लांब जाते की जवळच्या जवळ फिरते?" त्याने विचारलं.

"त्याचा काय संबंध? गाडी तापते. बाजारापर्यंत गेली की वाफा सोडते."

"तसं नाही अम्मा, प्लगचं म्हणजे..."

"तिचं वय झालंय. वर हा वैशाख. आणि तुम्ही तिला गरम देता? तुमच्या आईला या उन्हात पपई चारता का?"

मागची गिऱ्हाइकं हसली. दुकानदाराने चार थंड प्लग बांधून दिले.

मुत्तूने खोकं फिरवून फिरवून पाहिलं. "अम्मा, नंबर वेगळा आहे."

"थंड आहेत."

"थंड?" उन्हाळाभर ताकातला शिळा भात खाणारा माणूस तो, त्याचा चेहरा उजळला. "मग चांगलंच की!"

पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. मग मी तिची बडदास्त ठेवायला घेतली. मुत्तूचा पेपर वाचून होईपर्यंत ती रोज दारात नुसती चालू ठेवायची, म्हणजे अंग मोकळं राहील. (खरं सांगायचं तर तो घुर्र घुर्र आवाज मला बरा वाटे. घरात आणखी कुणीतरी आहे असं वाटे.) रस्त्यावर मुत्तूला मी एकसारखी "सावकाश, सावकाश" म्हणायची. एकदा आम्हाला म्हशीने मागे टाकलं. धुराने शेजारणींनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. चला, या निमित्ताने त्यांना माझी आठवण तरी झाली!

वास्तुशांतीच्या सकाळी मागे हंडे चढले. पुढे मुत्तू, मधे मी, कडेला जरीकाठी धोतर नेसलेला शीनू. गाव सुटलं आणि पहिली उचकी लागली. मागे झाकणं वाजली.

"काय झालं?" शीनू म्हणाला.

"काही नाही. ठसका लागला."

पुढे ठसक्याचा खोकला झाला, खोकल्याच्या शिंका झाल्या, मागून काळा धूर निघाला, आणि भाताच्या शेतांमधल्या एका चहाच्या टपरीसमोर गाडी गप्प झाली.

"आई. थांबली."

"थांबली नाही. मुत्तूला चहा प्यायचाय."

"मला नाही प्यायचा," मुत्तू म्हणाला. (गाढव!)

त्याने प्लग काढले. चारही तव्याच्या बुडासारखे काळे.

"थंडावा जास्त झाला," मी म्हटलं. "सर्दी आहे. शेक द्या."

दुसरा उपाय कुणालाच सुचत नव्हता. टपरीवाल्याच्या चुलीवर चार प्लग ठेवले. जरीकाठी धोतर सावरत शीनू चिमट्याने ते परतू लागला. जाणाऱ्या बसमधून माणसं वाकून वाकून बघत होती.

"वांगी असती तर चटणी तरी झाली असती," टपरीवाला म्हणाला.

काजळी जळली, प्लग बसवले, गाडी सुरू झाली! मी शीनूकडे पाहिलं. शीनू शेताकडे पाहत होता.

ओरत्तनाडूला पोचलो तर पंगत बसलेली. वाट बघून विमलने गल्लीतल्या घराघरांतून कुकर गोळा करून भात लावला होता. एका पानात मोकळा, दुसऱ्यात गिचका, तिसऱ्यात करपलेला. चिंचेने घासलेल्या माझ्या सगळ्यात मोठ्या हंड्यात कुणीतरी दुपट्यावर तान्हं मूल निजवलं. तेवढाच त्याचा उपयोग.

विमलच्या शेजारी एक मेकॅनिक राहायचा. त्याने प्लग बघितले आणि हसत सुटला. "अहो, थंड प्लग लांब पल्ल्याच्या, ओझं ओढणाऱ्या गाडीला! ती फार तापते म्हणून. घरच्या घरी फिरणारीला गरमच लागतो, नाहीतर स्वतःची काजळी स्वतः जाळता येत नाही तिला."

"मग लांब नेईन मी," मी म्हटलं.

"कुठे?" शीनूने विचारलं. कुचकेपणाने नाही. खरंच विचारलं.

मी विचार केला. कुंभकोणमला थोरली बहीण होती, ती वारली. तिरुच्चीची जाऊ मुलाकडे दिल्लीला गेली. तिसरं नाव आठवेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मी म्हटलं, "पायसम कुठे वाढताहेत?"

शीनू परत जायच्या आधी गाडी विकली गेली. केळ्यांच्या एका व्यापाऱ्याने घेतली, ड्रायव्हरसकट. सकाळी मी पेपर स्वतः वाचायला लागले. स्वतः वाचलं की बातम्यांना नावं ठेवण्यात मजा नाही.

पोंगलच्या सुमाराला गल्लीत ओळखीचा आवाज आला. मी धावत बाहेर. (माझ्या गुडघ्यांनी त्याला धावणं म्हटलं नसतं.) केळीच्या घडांनी लादलेली आमची पिकअप! मुत्तूने खिडकीतून एक घड माझ्या हातात दिला. इंजिन बंद केलं नाही.

"ये, कापी टाकते."

"वेळ नाही अम्मा, रोज मदुरै. तिकडून रिकामं येणं नाही." मग हसला. "गाडी बघा कशी पळते! एकदा थांबली नाही."

"नवे प्लग घातले असतील."

"छे! तुम्ही आणलेलेच. थंड."

तो गेला. मी घड घेऊन ओट्यावर बसले. म्हणजे प्लग मी अगदी बरोबर निवडले होते. फक्त त्या गाडीला मालकीण चुकीची मिळाली होती!